‘निर्वाचित राजेशाही’ की ‘राजवरण’?

प्रश्न : दहाव्या शतकातल्या जर्मन राजांसाठी ‘निर्वाचित राजेशाही’ हा शब्द वापरतात. म्हणजे मतदान व्हायचं का? आणि बापामागून मुलगाच गादीवर येताना दिसतो, मग निवड कसली?

उत्तर : मतदान नव्हे. ‘निर्वाचित’ म्हटलं की मतमोजणी डोळ्यासमोर येते, तिथेच घोटाळा होतो. ९११ मध्ये लुई हा बालराजा वारला आणि पूर्व फ्रँक राज्यात, म्हणजे पुढच्या जर्मनीत, सम्राट शार्लमेनचा वंश खुंटला. पश्चिमेकडे त्याच घराण्यातला राजा होता, पण फोर्खहाइमला जमलेल्या सरदारांनी आपल्यातल्याच कॉनराडला गादीवर बसवलं. त्याच्यामागून ९१९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री आला.

खरा प्रकार कळतो तो १०२४ मध्ये ऱ्हाइनकाठी कांबाला. राजा दुसरा हेन्री निपुत्रिक वारला होता. दावेदार दोन, दोघेही कॉनराड, चुलतभाऊ आणि पहिल्या ओटोच्या (९१९ च्या हेन्रीचा मुलगा, त्याच्यामागून झालेला राजा) लेकीचे वंशज. कौल ज्याच्याकडे जाईल त्याला दुसऱ्याने मानायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं. माइन्झच्या आर्चबिशपने थोरल्या कॉनराडचं नाव उच्चारलं, बाकीच्यांनी री ओढली आणि धाकट्या कॉनराडनेही त्यालाच राजा म्हटलं. लोरेन प्रांताचे नाराज सरदार निघून गेले. राहिले त्यांचं एकमत! विरोधाची नोंद ठेवायची रीतच नव्हती. दिवंगत राजाच्या विधवेने, कुनिगुंडेने, राजचिन्हं नव्या राजाच्या हाती दिली.

म्हणजे रक्ताचं नातं मोलाचं, पण सरदारांचा होकार मिळाल्याशिवाय ते पुरायचं नाही. म्हणूनच पहिल्या ओटोने ९६१ मध्ये स्वतःच्या हयातीतच लहानग्या मुलाला राजा म्हणून निवडून घेतलं.

मला यासाठी ‘वरण’ हा शब्द फार नेमका वाटतो. यज्ञात ऋत्विजांचं, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांचं, वरण करतात, ते मतं मोजून नव्हे. अथर्ववेदात राजाला उद्देशून ‘त्वां विशो वृणतां राज्याय’ असं म्हटलंय : प्रजा तुला राज्यासाठी वरो. जर्मन भाषेत निवडीला ‘वाल’ म्हणतात. हा शब्द आणि संस्कृत ‘वृ’ धातू व्युत्पत्तिकार एकाच मुळाशी नेऊन पोचवतात.

प्रश्न : मग ‘निर्वाचक’ हा शब्दही टाकायचा का?

उत्तर : नाही, तो पुढच्या काळासाठी ठेवावा. १३५६ च्या सुवर्णपत्राने (‘गोल्डन बुल’ या शाही फर्मानाने) राजा निवडण्याचा हक्क सात जणांपुरता बांधून दिला आणि बहुमत ग्राह्य ठरवलं. चार मतं पडली की राजा ठरला. त्या सात जणांना ‘निर्वाचक’ म्हणणं अगदी रास्त आहे.