गिअरबॉक्सचा ऑइल कूलर कुठे बसवलात? अनुभव सांगा

काल कसारा घाटात एक ऑटोमॅटिक पिकअप कडेला उभा दिसला. बॉनेट उघडं, करपलेल्या गिअरबॉक्स तेलाचा वास पार रस्त्यापर्यंत. हे तेल थंड ठेवायला लावतात तो ऑइल कूलर, छोट्या रेडिएटरसारखा. मामाचं कुर्ल्याचं गॅरेज आठवलं. कूलर बसवायचा तर मामा आधी त्या मापाचा पुठ्ठा कापून जाळीमागे धरून बघायचा, मगच ड्रिल हातात घ्यायचा. आमच्या गाडीचा त्यानेच बसवलाय, एसी कंडेन्सरच्या (एसीची पुढची जाळी, रेडिएटरसमोरची) पुढे, मधे बोटभर जागा सोडून. म्हणायचा, मुंबईत गाडी पळून वारा मिळत नाही, इंजिनाचा पंखा ओढेल तेवढाच. म्हणून कूलर त्या पंख्याच्या वाटेतच हवा. तुमचा कुठे आहे?

घोडबंदरवाला
मामांना नमस्कार सांगा. आमचा चेसिसखाली होता, वेगळा पंखा आणि थर्मोस्टॅट स्विच (तेल तापलं की पंखा सुरू करणारा) लावून. गायमुखला तासभर अडकलो तरी तेल थंड राहायचं, पंखा असल्यामुळे. पण एका पावसात सायनला पाणी भरलं आणि मोटर गेली. आता पुढेच घेतलाय. खाली चिखलही फार बसतो कूलरच्या पातळ पत्र्याच्या पत्त्यांत.

कळंबोली_लाइन
आमच्या सगळ्या गाड्या मॅन्युअल. टॉर्क कन्व्हर्टरच (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलावर चालतो तो, तेल तापवणारा) नाही, त्यामुळे ही भानगड नाही. वाचतोय मात्र, भावाने ऑटोमॅटिक घेतलीय.

अंधेरीची_ताई
प्लास्टिकच्या पट्ट्या कूलरच्या पत्त्यांतून आरपार घालून बांधून देतात ना, ते अजिबात करू देऊ नका!! गाडी हादरली की पट्टी नळीवर घासत राहते आणि एक दिवस नळीला भोक. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून घ्या, मधे रबर. आमच्या शेजाऱ्यांचं सगळं तेल हायवेवर सांडलं, रात्री टोइंग, बिचाऱ्यांचे फार हाल झाले.

नाशिक_मुंबई_रोजचं
समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून आम्ही कसारा सोडलाच. मोठा बोगदा आहे, चढ अंगावर येत नाही. टोल जातो पण गिअरबॉक्स वाचतो.

अंधेरीची_ताई
@नाशिक टोल किती पडतो हो पिकअपला? दिवाळीत सासरी जायचंय

नाशिक_मुंबई_रोजचं
ताई फास्टॅगमधून जातो, बघून सांगतो. तिकडे थंडी असेल, स्वेटर घ्या पोरांना.

भाऊ_कळवा
पाइपची लाइन कशी घेतलीत ते कोणी लिहीत नाहीये. गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत असलेल्या तेलाच्या वेगळ्या नळीत, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये, मग परत गिअरबॉक्सला. उलटं केलं तर थंड झालेलं तेल रेडिएटर पुन्हा तापवतो. आणि कूलरची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा, खाली केली तर आत हवा अडकते. तेल सतत १२० अंशांच्या वर राहिलं तर झपाट्याने करपतं, गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जातात, मग खर्च विचारू नका.

कळंबोली_लाइन
भाऊ नळी कुठली? भावाचा मिस्त्री रेडिएटरची पाण्याची नळीच लावतो म्हणतोय

भाऊ_कळवा
नको नको, थांबवा त्याला! पाण्याची नळी तेलाने फुगते आणि क्लिपमधून निसटते. ऑइल कूलरची म्हणून मागा, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे बघा. बसवल्यावर तेलाची पातळी पण बघायला सांगा, कूलर आणि नळ्या भरल्या की ती खाली येते.

कळंबोली_लाइन
आत्ताच फोन लावतो त्याला