विषय: तोहोकु (ईशान्य जपान) सहल – हानेतोच्या पोशाखांचा आकडा उद्या रात्रीपर्यंत हवा

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,

आओमोरीच्या नेबुता उत्सवात (आतून उजळलेल्या प्रचंड कागदी चित्ररथांची, म्हणजे नेबुतांची मिरवणूक) नाचणाऱ्या हानेतोंचे पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानाला पोशाखांची संख्या आणि प्रत्येकाची उंची परवा सकाळी कळवायची आहे. 23 पैकी 14 जणांचीच मापं आली आहेत. उरलेल्या 9 जणी नऊवारी नेसून लेझीम घेऊन मिरवणुकीत उतरणार, असं मला शनिवारी फोनवर कळलं. ते चालणार की नाही हे ठरल्याशिवाय मी आगाऊ पैसे भरू शकत नाही.

बाकी तेच आहे. 5 ऑगस्टला अकिता, 6 ला आओमोरी, 7 ला दुपारची मिरवणूक पाहून परत. 6 ची रात्र हाचिनोहेला. तिथली सान्शा ताइसाई जत्रा 4 तारखेला संपते, म्हणून खोल्या मिळाल्या. आओमोरी शहरात काहीच शिल्लक नव्हतं.

मंजिरी

---

प्रेषक: सुलभाताई

मंजिरी, फोनवर नव्हे, मे महिन्यातल्या बैठकीत सांगितलं होतं. नऊवारी आणि लेझीम हे सांस्कृतिक समितीचं ठरलेलं आहे. टोकियोच्या योयोगी पार्कात आपल्या लेझीम पथकाला किती लोकांनी थांबून पाहिलं, ते इथल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही दर रविवारी तालीम करतोय. एवढ्या लांब जायचं, हजारो माणसांसमोर उभं राहायचं आणि अंगावर भाड्याचा युकाता (सुती किमोनो), हे मला पटत नाही. आपण कोण आहोत हे दिसायला नको का?

सुलभा

---

प्रेषक: निखिल

मंजिरी, 7 तारखेचा घोळ अजून सुटलेला नाही. त्या दिवशी संध्याकाळी बक्षीस मिळालेले नेबुता होड्यांवर चढवून समुद्रात फिरवतात आणि फटाक्यांची आतषबाजी असते. शिन-आओमोरीहून टोकियोची शेवटची हायाबुसा (शिंकान्सेन) आठच्या आधीच सुटते. म्हणजे फटाके पाहायचे तर आणखी एक रात्र. दुपारच्या मिरवणुकीवर समाधान मानायचं असेल तर आत्ताच सांगा.

तिकिटं बरोबर एक महिना आधी सकाळी 10 ला खुली होतात. एकिनेतवर (रेल्वेच्या आरक्षणाच्या साइटवर) त्याच्या आठवडाभर आधी मागणी नोंदवून ठेवता येते, पण मिळेलच याची खात्री नसते. एका वेळी सहाच जणांचं होतं, म्हणजे 23 जणांना चार खाती लागतील. हायाबुसात सगळ्याच जागा आरक्षित असतात, आयत्या वेळी चढून बसता येत नाही. खाती कोण देणार?

निखिल

---

प्रेषक: विनायककाका

सुलभाताई, मंजिरी,

मी सेन्दाईला 11 वर्षं काढली. नेबुता पाच वेळा पाहिला, त्यातला तीनदा आत उतरून. म्हणून जरा लांबण लावतो.

मिरवणुकीत नाचणाऱ्यांना हानेतो म्हणतात, हानेरु म्हणजे उड्या मारणं त्यावरून. हानेतो व्हायला नोंदणी लागत नाही, ओळख लागत नाही, शुल्क लागत नाही. पूर्ण पोशाख असला की कुठल्याही नेबुतापुढे जाऊन उभं राहायचं. एकच अट, पोशाख पूर्ण हवा. फुलांची टोपी, युकाता, त्याखाली दिसणारा परकरासारखा रंगीत ओकोशी, बाह्या आवरायची तासुकी पट्टी, कमरेला शिगोकी पट्टा, पांढरे ताबी मोजे आणि झोरी चपला. टी-शर्टवर टोपी घातली म्हणजे झालं असं नाही, आणि नऊवारीलाही तोच नियम. ही अट ते इतकी कसोशीने पाळतात त्याला कारण आहे. 2000 च्या आसपास काळे कपडे घातलेली हुल्लडबाज टोळकी मिरवणुकीत घुसायची, शिट्ट्या फुंकायची, फटाके उडवायची. तिथले लोक त्यांना कारासु, म्हणजे कावळे, म्हणत. गावकऱ्यांना आपला सण हातातून जातोय की काय असं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी मी फुटपाथवर चार तास बसून नुसता बघत होतो. दुसऱ्या वर्षी पोशाख भाड्याने घेतला. दुकानातल्या आजींनी शिगोकी स्वतः आवळली आणि झोरी कापडाच्या पट्टीने पायाला अशी घट्ट बांधली की दोन तास उड्या मारूनही निसटली नाही. कमरेला ‘गागाशिको’ नावाचा छोटा पेला लटकवला. अंगभर घुंगरं टाचली. रस्त्यावर उतरलो तर शेजारच्या मुलाने हात धरून शिकवलं: एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्यावर दोन. ‘रासेरा, रासेरा!’ माझं जपानी तेव्हा कच्चं होतं, पण दोन तासांत मला कोणी परका म्हणून वेगळं काढलं नाही. तो पोशाखच माझं आमंत्रण होता.

उड्या मारताना घुंगरं गळून पडतात आणि पडलेलं घुंगरू सापडणं शुभ मानतात. मला सापडलेलं आमच्या देवघरात आहे. घरी आलात तर दाखवीन.

आणि लेझमीचं. नेबुतामागे ढोल, बासरी आणि तेबिरीगाने वाजत असतात. तेबिरीगाने म्हणजे आपल्या झांजाच. हानेतोच्या उड्या त्या ठेक्यावर पडतात. वाजवणाऱ्यांनी त्यासाठी कित्येक महिने तालीम केलेली असते. त्यात आपली लेझीम वेगळ्या तालात वाजली तर पुढच्या पन्नास जणांचा पाय चुकेल. मला ते करवणार नाही.

विनायक

---

प्रेषक: शिरीष

काकांनी झांजांचं लिहिलं आणि मी थेट पुण्यात पोचलो. आमच्या वाड्याच्या गणपतीपुढे पाचवीत असताना माझ्या हातात पहिल्यांदा झांजा दिल्या होत्या. विसर्जनाला चालून चालून पायाला फोड आले, तरी झांजा कोणाच्या हातात दिल्या नव्हत्या.

पण साम्य याहून खोल आहे. मोठा नेबुता 9 मीटर रुंद, 5 मीटर उंच, गाडीसकट 4 टनांच्या आसपास. सांगाडा तारेचा, वर वाशी कागद. काळ्या शाईने रेषा काढायच्या, मेण लावायचं म्हणजे तिथून उजेड झिरपतो, मग रंग. महिनोन् महिने खपायचं, सहा दिवस मिरवायचं आणि मग बहुतेक सगळे मोडून टाकायचे. थोडे वा-रास्से संग्रहालयात ठेवतात, आओमोरी स्टेशनला लागूनच आहे. सकाळी तिथे जाऊन मुलांना कागदामागचे दिवे जवळून दाखवा. रात्री गर्दीत तेवढं दिसत नाही.

शिरीष

---

प्रेषक: सुलभाताई

विनायकराव, तुम्ही अनुभवाचं लिहिलंत, मी दोनदा वाचलं. ताल चुकण्याचा मुद्दा मला मान्य आहे. पथक घेऊन दुसऱ्याच्या ठेक्यात मध्येच वाजवू नये, हे मी स्वतः मुलींना शिकवते.

पण पद्धतीबद्दल बोलायलाच हवं. पोशाख, दुकान, पैसे सगळं ठरलं आणि सांस्कृतिक समितीला शेवटी कळलं. दिवाळीच्या कार्यक्रमालाही असंच झालं होतं, रंगमंचाची वेळ परस्पर बदलली होती. तालमीला येणाऱ्या मुली कामावरून थेट येतात, शिंजुकूला दोन गाड्या बदलून. त्यांना मी काय सांगू?

सुलभा

---

प्रेषक: अदिती

खाण्याचं कोणी बोललंच नाही. आमच्या घरी मासे, अंडं, दाशी (माशाचा अर्क) काहीच चालत नाही. मागे एका सहलीत सासूबाईंनी दोन दिवस केळ्यांवर काढले, ते मला पुन्हा नको आहे. कोम्बिनीतली (छोट्या दुकानातली) उमेची ओनिगिरी, म्हणजे आंबट फळ भरलेला भाताचा गोळासुद्धा मागची यादी वाचूनच घ्या, त्यात कात्सुओ मासा असतो. मी दशम्या, मेतकूट आणि लसणाची चटणी आणते आहे, 6 जणांना पुरेल. आणखी कोणी आणणार का?

अदिती

---

प्रेषक: विनायककाका

अदिती, लसूण तिथला घ्या, आओमोरीचा लसूण जपानभर नावाजलेला आहे! दशम्या मात्र नक्की आणा.

---

प्रेषक: निखिल

अजून एकच खातं मिळालंय (शिरीषचं). माझं धरून दोन. तीन आठवड्यांनी तिकिटं खुली होतील.

5 तारखेबद्दल एक. अकिताला कान्तो, म्हणजे कंदील लावलेले उंच बांबू तोलण्याचा खेळ, संध्याकाळी असतो, दुपारी लवकर पोचून जागा धरा. मोठा कान्तो 12 मीटरचा बांबू, 46 कंदील, 50 किलो. तळहातावर, कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलतात आणि खालून आणखी बांबूचे तुकडे जोडत जातात, त्यामुळे तो वाकतो. कंदिलांत खऱ्या मेणबत्त्या असतात. एकदा वाऱ्याने बांबू आमच्या बाजूला कलला आणि पुढच्या रांगेतल्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून कंदील सरकत गेले. माझ्या बाहीवर मेणाचा थेंब पडला, अजून निघालेला नाही. बांबू मात्र त्या माणसाने कपाळावरच सावरला आणि सगळा रस्ता ‘दोक्कोइशो, दोक्कोइशो’ ओरडायला लागला. लहान मुलांसाठी 5 किलोचा धाकटा कान्तो असतो आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांनाही हात लावू देतात. मीनल, तुझ्या मुलाला घेऊन पुढे जा.

6 ला सकाळी अकिताहून त्सुगारू गाडीने निघायचं. दिवसात मोजक्याच गाड्या आहेत, एक चुकली तर दुपार गेली.

निखिल

---

प्रेषक: सुलभाताई

काल तालमीनंतर मुलींशी बोलले. काकांचं पत्र वाचून दाखवलं. घुंगराचं ऐकून तिघी-चौघी लगेच तयार झाल्या.

आमचं ठरलं ते असं. 6 ला रात्री सात जणी हानेतोच्या पोशाखात. मापं खाली देते. माझा गुडघा दोन तास उड्या मारू देणार नाही आणि कुंदावहिनींनाही जमणार नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसू. 7 ला दुपारी सगळ्याच प्रेक्षक, तेव्हा नऊच्या नऊ जणी नऊवारीत. लेझमी टोकियोतच राहतील. त्याऐवजी आपल्या गणपतीत नेबुताच्या वादकांना बोलावता येईल का, हे सांस्कृतिक समिती बघेल. विनायकराव, तुमची तिकडे कोणाशी ओळख आहे का?

मापं: 152, 158, 160, 155, 163, 149, 157.

सुलभा

---

प्रेषक: विनायककाका

ओळख आहे, ज्या नेबुतापुढे मी तीनदा नाचलो त्यांच्या बासरीवाल्यांशी. 6 ला रात्री मिरवणूक संपल्यावर तुमची गाठ घालून देतो. निघायच्या आधी मला त्यांच्यासाठी आपला एक जुना झांजजोड हवा आहे, शिरीष.

---

प्रेषक: मंजिरी

सुलभाताई, आभार. बैठकीत झालेलं मी लिहून ठेवलं नव्हतं, चूक माझी. पुढच्या वेळी दुकानाला फोन करण्याआधी समितीला पत्र जाईल.

आता आकडा: 14 आणि 7 मिळून 21. सुलभाताई आणि कुंदावहिनींसाठी 6 च्या रात्रीच्या खुर्च्यांची दोन तिकिटं वेगळी काढते, फुटपाथवर बसवणार नाही. फटाक्यांसाठी राहायचं म्हणणारे फक्त चार जण निघाले, त्यांनी 7 ची सोय आपापली बघावी, बाकीचे शेवटच्या हायाबुसाच्या आधीच्या गाडीने. शिन-आओमोरी आणि आओमोरी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये एक छोटी गाडी बदलावी लागते, तेवढी वेळेत धरा.

निखिलला अजून दोन खाती हवी आहेत.

मीनल, तुझ्या मुलाची उंची तेवढी पुन्हा कळव. मुलांचे पोशाख वेगळे असतात. आज रात्री 10 पर्यंत, सेंटिमीटरमध्ये.

मंजिरी