टोलनाक्यावर चालकाने मोबाइलने पैसे देणे नियमात बसते का?

प्रश्न (सिडको, नाशिक):
नमस्कार. गेल्या रविवारी वडिलांना घेऊन चांदवडला जाताना टोलनाक्यावर माझा फास्टॅग वाचला गेला नाही. अशा वेळी यूपीआयने दिल्यास सव्वापट टोल भरावा लागतो, हा नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम ठाऊक असल्याने मी इंजिन चालू ठेवूनच क्यूआर कोड स्कॅन केला. त्यावर वडिलांनी विचारले, की हे गाडी चालवताना मोबाइल वापरणेच झाले ना? मला उत्तर सुचले नाही. कायदा नेमके काय सांगतो?

उत्तर (शरणपूर रोड):
आपल्या वडिलांची शंका रास्त आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ गाडी चालवताना हातातला फोन वापरण्याला धोकादायक वाहनचालन मानते आणि पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय नियमांनी १ ऑक्टोबर २०२० पासून हातातल्या फोनला जी मुभा दिली आहे, ती केवळ रस्ता शोधण्यापुरती, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तरच. पैसे देण्याचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे टोलचा नियम चालकाच्या हाती फोन देतो आणि वाहन चालवण्याचा नियम त्याबद्दल मौन पाळतो. ही विसंगती दूर व्हायलाच हवी. तोवर हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून मगच फोन हाती घ्यावा.

उत्तर (नाशिकरोड):
माझी मुलगी ब्रिटनमध्ये गाडी चालवते, म्हणून तिथला नियम मी मुद्दाम वाचला. २५ मार्च २०२२ पासून तिथे चालकाने फोन हातात धरून करायच्या जवळपास प्रत्येक वापरावर बंदी आली, परंतु गाडी थांबलेली असताना यंत्राला फोन टेकवून टोल भरण्याची सवलत स्पष्ट शब्दांत ठेवली गेली. आपल्याकडेही असे एक वाक्य नियमात यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र फोन टेकवायला क्षणभर पुरतो, तर कोड स्कॅन करून पिन टाकेपर्यंत नजर बराच वेळ पडद्यावर राहते. निदान यूपीआय लाइट सुरू करून ठेवा. १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही.

उत्तर (पंचवटी):
वडील शेजारीच होते, तर पैसे त्यांनाच देऊ द्यावेत. यूपीआय सर्कलमध्ये त्यांना जोडून पूर्ण अधिकार दिल्यास आपल्या खात्यातून ते स्वतःच्या फोनवरून, आपण ठरवाल त्या मर्यादेत (महिन्याला कमाल १५,००० रुपये) पैसे देऊ शकतील.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना आजच जोडले. काच पुसताना फास्टॅगचा एक कोपरा सुटलेला दिसला, तोही उद्या बदलून घेतो.