स्पिरिच्युअल वेपनला कॉन्सन्ट्रेशन: बरं केलं की वाट लावली?

पाचवा_फासा:
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ) याचं २०२४चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, आमच्या टेबलावर आलं आणि माझ्या क्लेरिकची (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याची) तलवार गेली. खेळत नसाल तर थोडक्यात: स्पिरिच्युअल वेपन हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल (मंत्र), ६० फुटांच्या आत हवेत शस्त्र प्रकट होतं, लागलं तर १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणाचा आकडा) इतकं डॅमेज. पुढे मिनिटभर दर टर्नला बोनस ॲक्शन (मुख्य कृतीशिवायची जादा कृती) देऊन ते २० फूट सरकवायचं आणि पुन्हा हाणायचं. २०१४च्या नियमांत याला कॉन्सन्ट्रेशन लागत नव्हतं, आता लागतं (कॉन्सन्ट्रेशनचा एका वेळी एकच स्पेल टिकतो, आणि मार बसला की तोही तुटू शकतो). म्हणजे ब्लेस (साथीदारांच्या फाशांना बळ देणारा स्पेल) तरी ठेवा, नाहीतर शस्त्र. क्लेरिकने काय नुसती मलमपट्टी करायची?

गुहेतला_डीएम:
तलवार नाही गेली, फुकटेगिरी गेली. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; माझ्याकडे आजवर तीन क्लेरिक झाले. पाचवी लेव्हल आली की तिघांचं एकच: पहिल्या टर्नला स्पिरिट गार्डियन्स (भोवतीच्या शत्रूंना इजा करणारा, कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल), दुसऱ्याला हे शस्त्र, आणि घोळक्यात जाऊन उभं राहायचं. त्या शस्त्राला ना एसी (बचावाचा आकडा), ना हिट पॉइंट (जीव). माझ्या गॉब्लिनांनी त्याचं करायचं काय, आरती?

पाचवा_फासा:
अहो, हिशेब तरी बघा. क्लेरिक तिसऱ्या लेव्हलला असताना सरासरी ४.५ अधिक ३, म्हणजे ७.५. दहातले सहा वार लागले तर टर्नला ४.५. यात कसली दादागिरी?
परवाचंच सांगते. ब्लेस सोडून शस्त्र काढलं, पहिला वार हुकला. लगेच ओग्रने (राक्षसाने) सोटा घातला, १३ डॅमेज. कॉन्सन्ट्रेशन टिकवायचा सेव्ह (बचावाचा फासा) १०चा, फाशावर ७, वर २, झाले ९. शस्त्र गेलं, स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) गेला, ओग्रला ओरखडाही नाही.

मधलं_बोट:
नव्यातलं चांगलंही सांगा की. पूर्वी चौथ्या लेव्हलचा स्लॉट घातल्याशिवाय दुसरा डी८ मिळत नव्हता. आता तिसऱ्यालाच २डी८, चौथ्याला ३डी८. शिवाय वॉर डोमेनला (डोमेन म्हणजे क्लेरिकची शाखा) सहाव्या लेव्हलपासून चॅनल डिव्हिनिटी (मोजक्याच वेळा वापरता येणारी दैवी शक्ती) खर्चून हाच स्पेल स्लॉटशिवाय आणि कॉन्सन्ट्रेशनशिवाय टाकता येतो. लढाईच्या देवाच्या पुजाऱ्यालाच ही सवलत, मला तरी पटतं.

पाचवा_फासा:
माझी लाइफ डोमेनची आहे हो! आणि तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट हातात असताना एकालाच २डी८ कोण मारत बसेल? गार्डियन्स १५ फुटांतल्या सगळ्या शत्रूंना ३डी८ देतात, सेव्ह जमला तरी अर्धं. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लावल्यावर शस्त्राचा नंबर लागतोच कुठे?

गुहेतला_डीएम:
हा मुद्दा मात्र बिनतोड. खरं सांगू? नवीन नियम आल्यापासून माझ्या टेबलावर हा स्पेल कुणी टाकलेलाच नाही. मला जोडी मोडायची होती, स्पेल मारायचा नव्हता. असं केलं तर: कॉन्सन्ट्रेशन काढायचं, पण गार्डियन्स चालू असताना शस्त्र नाही. ब्लेसबरोबर खुशाल चालवा.

नवा_भिडू:
मध्येच एक शंका. शस्त्राचं रूप आपण ठरवायचं ना? मी लाटणं घेतलंय. डीएम म्हणतो देवाला शोभेल असं घे.

मधलं_बोट:
देव कुठला यावर आहे. चुलीचा असेल तर लाटणंच शोभतं.

पाचवा_फासा:
@गुहेतला_डीएम, चालेल. शनिवारी आमच्या डीएमपुढे हेच मांडते. मोठा भाऊच आहे माझा, त्यामुळे आधी 'नाही'च म्हणेल.