येरळवाडी-मायणीला पक्षी बघायला गटानं जायचंय, काय काळजी घ्यावी?

कृष्णाकाठची मीनल (सांगली)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीतले पंधरा-सोळा जण सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडी आणि मायणी तलावावर जायचं ठरवतोय. त्यात पाच पोरं आणि माझ्या सासूबाई. ट्रॅव्हलर ठरवलीय. फ्लेमिंगो नक्की दिसतील ना? सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच आहे, अजून कुठली घ्यावी? पुरुष मंडळी काठावरच चूल मांडून पोहे करायचं म्हणतायत, आणि एकाचा ब्लूटूथ स्पीकरही येणार आहे. (यावर जरा खरमरीत लिहा, ग्रुपवर टाकता येईल.)

दुर्बीणवाले काका (विटा)

मीनलताई, फ्लेमिंगोची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सगळा खेळ पाण्याचा आहे. रोहित पक्षी, म्हणजे हाच फ्लेमिंगो, मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो, त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस दणकून झाला आणि तलाव तुडुंब राहिला की तो येत नाही, आला तरी पाणी ओसरल्यावर. ज्या साली शेतकरी खूश, त्या साली फोटोवाले नाराज. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी तिकडच्या कुणाला तरी पाणी कितपत आहे ते विचारा.

आणि नाही दिसला रोहित तर काही बिघडत नाही. थापट्या बदकं बघा. फावड्यासारखी पसरट चोच पाण्यावर टेकवून चार-पाच जणं एकामागं एक गोल गोल फिरत राहतात. पुढच्यानं ढवळलेलं मागच्याच्या तोंडी पडतं. पोरं हे बघताना गप्प बसतात, मी पाहिलंय. पट्टकादंब हा हंस हिमालय ओलांडून येतो. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, ओळखायला एकदम सोपा. चक्रवाक बदक केशरी, बहुधा जोडीनं. वारकरी (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) आणि टिबुकल्या (छोट्या पाणडुब्या) तर असणारच.

आता स्पीकर. तो घरीच राहू दे. त्या तलावांचं मायणी पक्षी संवर्धन राखीव २०२१ साली जाहीर झालंय, तुमच्या सहलीसाठी नव्हे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात काही शहाणे, तोही त्यातलाच प्रकार. चूल तर नकोच, पोहे घरून डब्यात आणा. सांगलीकर आहात, भडंग आहेच.

सोळा माणसं एकदम काठावर उभी करू नका. दोन तुकड्या करा. एक तुकडी बसून बघेल, दुसरी गाडीजवळ खाईल, मग बदली. बसलेल्या माणसाचं पक्ष्यांना फारसं काही वाटत नाही, सरळ अंगावर चालत आलेल्याचं वाटतं. थवा उठला की त्यांचं खाणं बुडतं, आणि एवढ्या लांबून ते खायलाच आलेत. सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसा, ऊन पाठीवर आलं की रंग खुलतात. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात, मग भांडत बसाल हे कुठलं आणि ते कुठलं. तासगाव-विटा मार्गे पहाटे साडेचारला निघा.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापटवाली दुकानदार गळ्यात मारतो, पण ती हातात हलते. गटात कुणाकडं तिपाईवरचा स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) असेल तर त्याला आधी आमंत्रण द्या, नंतर स्पीकरवाल्याला. कपडे मेहंदी, खाकी असे. लाल जॅकेट नको.

बांधावरचा (ता. खटाव)

काकांनी बरोबर लिवलंय. आमचं रान तलावाला लागूनच हाय. ते पट्ट्यावाले हंस पहाटं हरभऱ्यात उतरत्यात, शेंडे खुडत्यात. त्यांचं आमचं आम्ही बघून घेतो. पण रविवारी येणारी माणसं ओल्या गव्हातनं तुडवत काठावर जात्यात, त्याचं काय? मागं एकानं ड्रोन उडवला, सगळं तळं एकदम उठलं, म्हातारी म्हशी घेऊन निघाली होती तिच्या म्हशी उधळल्या. गाडी डांबरीवर लावा, बांधानं एकामागं एक या, आणि आधी हाक मारा. चहा मिळंल.

कृष्णाकाठची मीनल

काका, ग्रुपवर टाकलं. स्पीकरवाले रुसलेत, पण येणार आहेत. दादा, चहाबद्दल आभार, गव्हातून कुणी जाणार नाही, मी स्वतः पुढं चालते. एकच विचारायचं, सासूबाईंचे गुडघे दुखतात. बांधावरून कितपत चालावं लागेल?

बांधावरचा

आमच्या वस्तीवर बसवा की त्यांना. अंगणातनं अर्धं पाणी दिसतंय, खुर्ची हाय. उन्हाला आमची म्हातारीपण तिथंच बसती, दोघींचं जमंल. फक्त दुर्बीण एक ठिवा त्यांच्याकडं.