फुलांच्या आधीही नर-मादी होतेच की!

वर एकांनी लिहिलंय की फुलं यायच्या आधी झाडं नुसती मुळांतून नाहीतर फांद्यांतून वाढत असणार, नर-मादी ही भानगड फुलांनंतरची. उलट आहे हो, ती फार जुनी आहे, फक्त तेव्हा पाणी लागायचं.

पावसाळ्यात जुन्या विहिरीच्या कठड्याला नेचे येतात ना, त्याचं पान उलटं करून बघा, खाली तपकिरी ठिपके दिसतील (लोक कीड समजून पान तोडून टाकतात!), त्यातून बीजाणू (धुळीसारखे बारीक कण, ज्यांतून नवं रोप उगवतं) उडतात पण त्याचा डायरेक्ट नेचा होत नाही, आधी नखापेक्षाही लहान, पातळ, बदामाच्या आकाराचं एक वेगळंच हिरवं रोप येतं आणि नर-मादी पेशी त्याच्यावर तयार होतात. नर पेशी चक्क पोहत मादीकडे जाते. ओल नाही तर काम खलास.

मला भारी वाटतो तो नेचे आणि फुलझाडं यांच्या मधला प्रकार, गिंको (चीन-जपानकडचं एक झाड) आणि आपल्या बंगल्यांसमोर लावतात तो सायकस. यांना बी येतं, परागकणही असतात, पण बीजांडात (ज्याचं पुढे बी होतं त्या भागात) पोचल्यावर आतल्या थेंबभर द्रवात नर पेशी पोहतेच! १८९६ मध्ये टोकियोत हिरासे या जपानी अभ्यासकांनी गिंकोत हे पाहिलं, ते मूळचे चित्रं काढणारे बरं का, आणि त्याच वर्षी इकेनो या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी सायकसमध्ये.

पाइन आणि फुलझाडांत पोहणं बंद, परागनलिकाच (परागकणातून फुटणारी बारीक नळी) नर पेशी आत नेऊन सोडते.