चपला घालायच्या बाकड्याचं माप हवंय, सुतार उद्या सकाळी येतोय

खळ्यातला:
गावच्या घरी (देवगडजवळ) पडवीत दारापाशी आईबाबांसाठी लाकडी बाकडं करून घ्यायचंय. बसून चपला घालायच्या, खाली चपला ठेवायच्या, बस. फणसाच्या फळ्या घरच्याच आहेत. मी डोंबिवलीत. सुतार उद्या ९ वाजता येतोय, माप मागतोय. गणपतीआधी झालं नाही तर तो दिवाळीपर्यंत हाताला लागत नाही. १६ इंच उंच, १५ खोल, ४ फूट लांब, खाली दोन ड्रॉवर असं सांगणार आहे. ड्रॉवरला चॅनल कुठलं घालू, खाऱ्या हवेत गंजणार नाही असं? लवकर सांगा.

रंधा:
चॅनल राहू दे. आईबाबांची उंची किती, वय किती? पडवीत पावसाची झड येते का?

खळ्यातला:
साधीच उंची हो. सत्तरीच्या पुढे आहेत. झड येते थोडी. चॅनलचं सांगा ना.

मालवणी_तिखट:
लाकडाचा बाकडा कित्याक व्हया? चार चिरे रच, वर कडाप्पो टाक, झाला. माझ्या बापाशीन घातलेलो कट्टो चाळीस वर्सां झाली, हाल्लो नाय.

रंधा:
कट्टा गप्पा मारायला चांगला. म्हाताऱ्या माणसाला त्यावरून उठायला सांगून बघ. उठताना आपण टाचा गुडघ्याच्या मागे ओढतो आणि मग वजन पुढे टाकतो. खाली भरीव चिरा असला तर टाचा जाणार कुठे? ड्रॉवरचंही तेच. बाकड्याखाली पुढच्या बाजूला निदान मधला भाग तरी मोकळा हवा.

निवृत्त_ओव्हरसीअर:
घरच्या फळ्या म्हणजे झाड तोडलं का? १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर फणस, आंबा, जांभूळही आहेत. झाड आपल्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. लोकांना वाटतं फक्त साग आणि खैर.

खळ्यातला:
काका, झाड गेल्या वर्षीच्या वादळात आपणहून पडलं. फळ्या वर्षभर मांगरात रचून ठेवल्यात. विषय बाकड्याचा आहे.

सरीवरसरी:
बंद ड्रॉवर अजिबात नको. आमच्याकडे पावसात चपलांच्या खोक्यात फुरसं निघालं होतं, वाळक्या पाल्याच्या रंगाचं, दिसलंच नाही. उघड्या पट्ट्यांचं करा, उजेड आरपार गेला पाहिजे. आणि चपला झटकूनच घालायच्या.

मालवणी_तिखट:
फुरसा चावला तर पयलो सरकारी दवाखानो गाठ. मांत्रिकाकडे जाव नको.

सरीवरसरी:
बरोबर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते. साप कुठला ते शोधत बसायची गरज नसते.

उंबरठा:
धागा सापांवर गेला. @खळ्यातला, "सत्तरीच्या पुढे" म्हणजे एकाहत्तर की अठ्ठ्याऐंशी? गुडघे, कंबर, खुबा, काही झालंय का?

खळ्यातला:
बाबा ८१, आई ७६. आईचं जूनमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, बॉल बदललाय. पण आता वॉकर घेऊन चालते, तसं विशेष काही नाही.

रंधा:
अरे देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

उंबरठा:
सासूबाईंचं हेच झालं होतं म्हणून सांगते. अशा ऑपरेशननंतर खुबा काटकोनाच्या पलीकडे वाकू द्यायचा नाही, असं बऱ्याचदा सांगतात. किती महिने ते ऑपरेशन कसं केलंय त्यावर असतं, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. १६ इंचांवरून बसता-उठताना खुबा जास्त वाकेल. आणि चपला बाकड्याखाली म्हणजे प्रत्येक वेळी वाकणं आलं. त्या खाली नकोतच. बाकड्याच्या बाजूला, बसल्या हाताला लागेल अशा उंचीवर एक उघडा कप्पा करा. लांब दांड्याचा शूहॉर्न मिळतो, तो खुंटीला टांगा. आमच्या सासूबाई त्यानेच चप्पल पुढ्यात ओढायच्या आणि मांजरालाही हाकलायच्या.

उंचीसाठी इंटरनेट बघू नका. घरात आई कशावरून हाताचा आधार न घेता सहज उठतात ते बघा. पलंग असेल तर त्या बसल्यावर गादी दबते, तेव्हाची उंची मोजा. टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत.

रंधा:
+१. आता माझं. बाकड्याला खुर्चीसारखे हात पाहिजेतच, दोन्ही बाजूंना, बैठकीपासून ७-८ इंच वर. आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत. लोक मागेच संपवतात, मग उठताना रेटायला काही राहत नाही. दांडा मुठीत मावेल असा गोल, सव्वा ते दीड इंच. पुढची कड गोल करायला सांग, नाहीतर मांडीला रुतते. खोली १५ ठीक. पायांना खाली रबर, कोब्यावर ओल असली की लाकूड सरकतं. भिंतीत ठोकू नकोस. जांभा ठिसूळ, प्लग वर्षभरात ढिला होतो. बाकडंच वजनदार कर. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस.

मालवणी_तिखट:
लाकडाक काजूच्या टरफलाचा तेल लाव, वाळवी फिरकाची नाय. होडयेक तेच लावतत.

रंधा:
होडीवर कोणी साडी नेसून बसत नाही. ते तेल काळं आणि अंगाला लागलं तर फोड येतात. पायांच्या बुडाला दोन हात मार, तिथेच लाकूड पाणी पितं. बैठकीला नको.

मालवणी_तिखट:
सुकल्यार काय होना नाय.

रंधा:
श्रावणात सुकणार कधी?

खळ्यातला:
आत्ता फोन केला. बाबांनी टेप लावली, पलंग दबून १८ इंच. आईच्या टाचा टेकतात. बाबांनाही १८ चालतंय. ड्रॉवर रद्द.

उंबरठा:
छान. एक विचारायचं राहिलं. सध्या त्या चपला कुठे बसून घालतात?

खळ्यातला:
पडवीत झोपाळा आहे ना, त्यावर.

उंबरठा:
काय??

रंधा:
बाकडं नंतर. आधी झोपाळा काढा! बसायला गेलं की मागे सरकतो तो. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले नाहीत अजून.

खळ्यातला:
बाबा काढू देत नाहीत. आजोबांचा आहे, दुपारी त्यावरच झोपतात. सुताराला सांगतो दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोरी बांधून भिंतीच्या खुंट्यांना ताणून ठेव, निदान आईच्या वेळेपुरता हलणार नाही.

उंबरठा:
"आईच्या वेळेपुरता" कोण बांधणार? ८१ वर्षांचे बाबा?

खळ्यातला:
…बरं. उद्या सुतार आला की पहिलं काम झोपाळा उतरवायचं. बाबांना मी सांगतो. ते ओरडतील.

निवृत्त_ओव्हरसीअर:
झोपाळा शिसवी आहे का? असेल तर फोटो टाका. कड्या पितळी असतील तर विकू नका, मला आधी सांगा.